‘हॅन्सार्ड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेतील एका सदस्याच्या भाषणांविषयी लिहिताना मी ‘हॅन्सार्ड’साठी, म्हणजे संसदेतील भाषणांच्या अधिकृत नोंदीसाठी, ‘इतिवृत्त’ हा शब्द योजला. एका जाणकार वाचकाने त्यास हरकत घेतली आहे. ‘वादविवाद’ हा शब्द अधिक योग्य ठरेल का?

उत्तर : हरकत रास्त आहे. इतिवृत्त म्हटले की सभेपुढे कोणते विषय आले आणि कोणते ठराव झाले यांची त्रोटक नोंद डोळ्यांपुढे येते. कॅनबेरातील प्रतिनिधिगृहात अशी नोंद ‘व्होट्स अँड प्रोसीडिंग्ज’ या नावाने स्वतंत्रपणे ठेवली जाते आणि तिच्यात भाषणे नसतात. कोण काय बोलले ते हॅन्सार्डमध्ये असते. लंडनचे मुद्रक थॉमस कर्सन हॅन्सार्ड यांच्या आडनावावरून हे नाव रूढ झाले. ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी ९ ऑक्टोबर २०१२ रोजी स्त्रीद्वेषावर केलेले भाषण तेथे वाचायला मिळते. त्या भाषणानंतर ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी शब्दकोशाने ‘मिसॉजिनी’ (स्त्रीद्वेष) या शब्दाची व्याख्या रुंदावून तीत स्त्रियांविषयीच्या खोलवर रुजलेल्या पूर्वग्रहाचा अर्थही घेतला. शब्दांवर प्रेम करणाऱ्याला हे उदाहरण विसरता येणार नाही, आणि असे भाषण ‘इतिवृत्तात आहे’ असे लिहिणे मला तरी पटत नाही.

‘वादविवाद’ हिंदीत चालतो, कारण लोकसभेच्या हिंदी प्रकाशनाचे नावच तसे आहे. परंतु मराठी कानाला त्यात शाळेतली स्पर्धा किंवा भांडण ऐकू येते. ‘शब्दशः वृत्तांत’ हा पर्याय जवळचा असला, तरी पुनरुक्ती गाळण्याची आणि उघड चुका सुधारण्याची हॅन्सार्डची परंपरा आहे, त्यामुळे ‘शब्दशः’ काटेकोरपणे लागू पडत नाही. मी पहिल्या उल्लेखात ‘हॅन्सार्ड, म्हणजे सभागृहातील भाषणांचा सविस्तर वृत्तांत’ असे लिहीन आणि पुढे नुसते ‘हॅन्सार्ड’ ठेवीन.

पुरवणी : सदस्याच्या ‘रेकॉर्ड’साठी ‘विक्रम’ हा शब्द कृपया वापरू नये, तेथे ‘संसदेतील कारकीर्द’ किंवा ‘भाषणांची नोंद’ असे संदर्भानुसार लिहावे. आपल्याकडे आणखी एक शब्द या अर्थाने वावरतो, तो म्हणजे ‘कामकाज’. लोकसभेच्या नियम ३८० अन्वये अध्यक्षांनी असंसदीय शब्द काढण्याचा आदेश दिला की ‘ते शब्द कामकाजातून काढून टाकले’ असे आपण सहज म्हणतो. शब्द तर उच्चारले गेलेले असतात. काढले जातात ते नोंदीतून. म्हणजे या वाक्यात ‘कामकाज’ हाच शब्द नोंदीचा अर्थ देतो.