मदत हवी आहे: अर्धांगवायूनंतर वडिलांना गावीच ठेवावे की पुण्याला आणावे?

नमस्कार.

सात आठवड्यांपूर्वी माझ्या वडिलांना (वय ७१) अर्धांगवायूचा झटका आला. आमच्याकडे याला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. आईवडील गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी दोघेच राहतात आणि मी पुण्यात नोकरी करते. माझी रजा पंधरा दिवसांत संपते आहे. त्याआधी बाबांना गावीच ठेवायचे की पुढचे काही महिने पुण्याच्या घरी न्यायचे, हे मला ठरवायचे आहे.

नेमके काय घडले ते आधी सांगते. त्या दिवशी सकाळी पावणेसातच्या सुमारास बाबा ओटीवर चहा पीत असताना चहा उजव्या ओठाच्या कडेने ओघळून सदऱ्यावर सांडला आणि हातातली बशी निसटली. शेजाऱ्यांनी हातापायाला तेल चोळले, कोणी कांदा हुंगवला आणि मग जवळच्या दवाखान्यात नेले. तिथे सीटी स्कॅन नव्हता. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध असल्यामुळे तिथे करण्यासारखे फारसे काही नव्हतेच. मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा पावणेनऊ होत आले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “यांना शेवटचे ठणठणीत कधी पाहिलेत?” आई म्हणाली, “रात्री दहाला, झोपताना.” गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि वेळ नक्की माहीत नसेल तर रुग्णाला शेवटचे धडधाकट पाहिले तेव्हापासून ती मोजली जाते. चहा सांडला तेव्हा लक्षण आमच्या नजरेस पडले, पण ते सुरू कधी झाले हे कोणालाच ठाऊक नव्हते; त्यामुळे ते इंजेक्शन दिले गेले नाही. संध्याकाळी आईला आठवले की पहाटे पावणेपाचला बाबा उठले होते आणि “मोटार सहाला लाव” असे स्वच्छ बोलले होते. त्या हिशेबाने आमच्या हाताशी जेमतेम अर्धा तास होता. तेवढ्यात स्कॅन होऊन औषध देता आले असते का, हे कोणीच सांगू शकत नाही, पण आईचे मन अजून त्या अर्ध्या तासातच अडकले आहे.

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाल्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि वाचा या तिन्हींवर परिणाम झाला. कारणही कळले: ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले. अशा ठोक्यांमुळे हृदयात गुठळ्या बनतात आणि त्या मेंदूकडे जातात. शिवाय ‘आता बरे वाटते’ म्हणून बाबांनी रक्तदाबाची गोळी वर्षभरापूर्वी परस्पर बंद केली होती, हे आम्हाला रुग्णालयातच समजले. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपा चांगल्या दिसल्याने दिवसातून दोनदा घ्यायची, वारंवार रक्त तपासावे न लागणारी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली आहे. तिचा एकही डोस चुकवायचा नाही, अशी ताकीद आहे. सुकी मासळी आणि लोणचे बंद झाल्यामुळे बाबा जेवताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात त्याविषयी न बोललेले बरे.

आजची स्थिती अशी की, पहिले सहा दिवस नाकातून नळी होती, ती निघाली आहे. पातळ पाण्याने अजून ठसका लागतो, घट्ट पेज मात्र नीट गिळतात. आधार दिला की दहाबारा पावले चालतात, पण पाऊल फरफटते. हाताची बोटे किंचित वळतात. बोलणे हाच सर्वांत अवघड भाग आहे. आपण म्हणतो ते त्यांना बरेचसे समजते, पण शब्द सापडत नाहीत. त्यांनी एकतीस वर्षे एसटीत कंडक्टरकी केली. सध्या पाणी हवे असले, खिडकी उघडायची असली, आईवर रागवायचे असले तरी तोंडातून एकच शब्द येतो, ‘तिकीट’. आणि तरीही परवा संध्याकाळी ते आपल्याशीच “गुहागर, शृंगारतळी, मार्गताम्हाणे, रामपूर, चिपळूण” असे एका दमात, न अडखळता म्हणाले. मधलाच एखादा थांबा वेगळा म्हणायला सांगितला की जमत नाही.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येतात. वाचोपचार करणारे जवळपास कोणी मिळाले नाही. पुण्यात दोन्ही सोयी रोज मिळतील. पण तिथे बाबा दिवसभर चौथ्या मजल्यावर चार भिंतींत, मी कार्यालयात, आणि आईला लिफ्टचीसुद्धा भीती वाटते. इथे ओटीवर बसले की माणसे येतात, बोलतात, हाका मारतात. ज्यांनी घरात असा रुग्ण सांभाळला आहे किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सांगावे: पहिले तीन महिने सर्वांत महत्त्वाचे असतात म्हणतात, तर ते गावी ठेवून आम्ही वाया घालवतो आहोत का?

प्रतिसाद १

ताई, माझ्या सासूबाईंना असाच त्रास झाला होता. एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना उठवताना लुळा हात धरून ओढायचा. खांदा सैल पडलेला असल्यामुळे त्याचे हाड खाली सरकले आणि पुढे वेदनेपायी त्या व्यायामच करीनाशा झाल्या. उठवताना कमरेला पट्टा बांधून तो धरावा, बसल्यावर हाताखाली उशी द्यावी. आणि बाबा कारण नसताना रडू लागले, जेवण टाकू लागले तर ‘आजारपण आहे, चालायचेच’ असे म्हणून सोडून देऊ नका. या आजारानंतर नैराश्य पुष्कळांना येते आणि त्यावर औषध आहे.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो हे खरे, पण त्यानंतर दार बंद होते असे नाही. बोलण्यात तर वर्षानंतरही फरक पडलेला मी पाहिला आहे. गाव की शहर यापेक्षा, एकच कृती दिवसभरात किती वेळा करून घेतली जाते हे अधिक मोलाचे. बोटे थोडी वळत असतील तर पितळेच्या ताटलीत सुटी नाणी ठेवून ती उजव्या हाताने वेगळी करायला लावा; ज्यांनी आयुष्यभर सुटे पैसे मोजले त्यांना हा व्यायाम परका वाटणार नाही. पाऊल फरफटते त्यासाठी पावलाचा स्प्लिंट मिळतो. काठी डाव्या हातात द्या. गावीच ठेवणार असाल तर उंबरठा आणि न्हाणीघर आधी पाहा, कारण रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडणे फार महागात जाते.

थांब्यांची यादी येते आणि एकच थांबा येत नाही, यात नवल नाही. पाढे, वार, आरत्या अशा पाठ झालेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात. आईंना सांगा की “चहात साखर आणि...” असे म्हणून थांबायचे, ‘दूध’ हा शब्द बाबांना पुरा करू द्यायचा. मराठीतून व्हिडिओवर वाचोपचार करणारे मिळतात, पण निदान सुरुवातीला समोरासमोर तपासणी झालेली बरी. आणि समजते आहे म्हणता, तर त्यांनाच का विचारत नाही? दोन छायाचित्रे समोर ठेवा.

मूळ लेखिकेची भर, चार दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. सगळे जण बाबांच्या देखत बाबांविषयी बोलत होतो आणि त्यांना विचारायचे कोणाला सुचले नव्हते, याची लाज वाटली. काल गावच्या घराचे आणि पुण्याच्या इमारतीचे छायाचित्र त्यांच्या पुढ्यात ठेवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग डावे बोट पुण्यावर ठेवले, तिथून उचलून पुन्हा गावच्या घरावर आणले आणि “तिकीट” म्हणाले. आईने विचारले, “परतीचं धरून काढायचं?” त्यांनी मान हलवली.

त्यामुळे सध्या आठ आठवड्यांपुरते पुण्याला न्यायचे ठरले आहे. आई सोबत येईल, वाचोपचाराचे व्यायाम ती तिथे शिकून घेईल आणि पुढे गावी व्हिडिओवर चालू ठेवू. दरम्यान न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेते आहे. आता एकच शंका उरली आहे: रविवारी कुंभार्ली घाटातून मोटारीने जायचे आहे. वळणांवर उजवा हात आणि खांदा सांभाळण्यासाठी त्यांना पुढच्या सीटवर बसवावे की मागे, आणि साधारण किती वेळाने थांबून उतरवावे?