मदत हवी आहे: वांग्याच्या मुळाशी हुमणी, खताच्या खड्ड्यातही तसल्याच अळ्या. सगळ्याच मारायच्या का?

नमस्कार मंडळी,

आम्ही वाळवा तालुक्यात कृष्णाकाठाजवळ राहतो. चहूबाजूंनी ऊस, मधे घर आणि घरामागं दोन गुंठे परडं. वांगी, मिरची, दोडका, घेवडा, थोडी हळद, कुंपणाला शेवगा, मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू. कांदा-बटाटा सोडला तर भाजी विकत आणावी लागत नाही. घरच्या भाजीला तरी विषारी औषध मारायचं नाही, असं ठरवून गेली काही वर्षं जीवामृत, शेणखत आणि उसाच्या पाचटाचं आच्छादन एवढ्यावरच चालू आहे. माती इतकी भुसभुशीत झालीय की बोट सहज आत जातं.

श्रावणापासून मात्र वांगी जायला लागलीत. झाड दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी पाणी दिलं तरी सावरत नाही. धरून हलकंच ओढलं की खोड हातात येतं, खाली मुळ्या नावालाही नाहीत. माती उकरली की पांढरट, तांबूस डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी सापडते. ही हुमणीच, ऊसवाल्यांना सांगायला नको. पण खताच्या खड्ड्यातही अशाच गलेलठ्ठ अळ्या ढिगानं आहेत.

मामंजी म्हणतात, उसाला टाकतो तेच दाणेदार औषध चिमूटभर टाक. त्यांचंही चुकत नाही, हुमणीनं ऊस वाळलेला त्यांनी बघितलाय. पण आमची पोरं मुळा उपटून तिथंच हौदावर धुऊन खातात. जाऊबाईंचा प्रश्न वेगळाच: गांडूळ चालतं, मुंग्या चालतात, मग निसर्गाशी जुळवून राहायचं म्हणता तर हुमणीनंच काय घोडं मारलंय? मला उत्तर सुचलं नाही.

तर, दोन्ही अळ्या एकच का? आणि औषध न टाकता वांगी कशी वाचवू?

रानपाखरू: ताई, खड्ड्यातली अळी फरशीवर ठेवा. उताणी होऊन पाठीवर सरकत चालली तर ती फुलभुंगेऱ्याची. ती कुजलेलं खाते, जिवंत मुळांच्या वाटेला जात नाही. तुमचं खत तीच बारीक करून देतेय, राहू द्या. हुमणी पाठीवर चालत नाही, कुशीवर वळून पडते नाहीतर पायांनी फरफटत जाते. अंगठ्याएवढी जाड निघाली तर गेंड्या भुंग्याची असेल. आसपास नारळ असतील तर तेवढी वेचा, तो भुंगा नारळाचा कोंब पोखरतो.

गावचा_पाहुणा: वाफ्यात खडे मीठ टाका, अळी मरते.

खोडवा: मीठ?! अहो, पाणी पाजून पाजून आमच्याकडची रानं आधीच क्षारपड झालीत, आता परडंही घालवायचं का? ताई, पाचटावर खापर फोडू नका, संशय कच्च्या शेणाचा. पुरतं कुजल्याशिवाय वाफ्यात टाकू नका. सध्या गेलेल्या झाडाखाली वीतभर खणा आणि माती तासभर उघडी ठेवा. साळुंक्या, कावळे, कोंबड्या निम्मं काम करतात. हुमणीला रोग लावून मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडरही मिळते. एकरी आठ-दहा किलोच्या हिशेबानं गुंठ्याला पाव किलो, कुजलेल्या शेणखतात कालवून ओलीवर टाका. दोन दिवसांत गुण येत नाही, पण लागण झालेली अळी आधी पांढरी आणि मग हिरवट पडलेली दिसली की समजायचं. बुरशीनाशक मात्र त्या वाफ्यात अजिबात नको. मोठी अळी बुरशीला लवकर दाद देत नाही, ती हातानंच वेचावी लागते.

खरा बंदोबस्त पुढच्या उन्हाळ्यात. हुमणीची पिढी वर्षाला एकच. वळीव पडला की भुंगेरे जमिनीतून निघून रात्री कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवायच्या आणि खाली पडलेले रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एकट्या घरानं करून उपयोग नाही, गल्ली मिळून करा.

मिरजेचे_आजोबा: आमच्या तरुणपणी तासगावकडं श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचा, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटाचा, बोलबाला होता. पाच माणसांचं घर दहा गुंठ्यांत चालवायचा हिशेब ते मांडत. दुसऱ्याचं ऐकून नाही, स्वतः करून आणि नोंदवून बघा, हा त्यांचा खाक्या. तुम्हीही निम्म्या वाफ्यांना बुरशी द्या, निम्मे तसेच ठेवा. मामंजींशी वाद घालण्यापेक्षा वही बरी. आणि जाऊबाईंना सांगा, साळुंकीही निसर्गातलीच आहे. हुमणी खायचा हक्क तिला आहे, तो बजावायला जागा द्या.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. फरशीचा प्रयोग केला. खड्ड्यातल्या बहुतेक सगळ्या पाठीवर पळाल्या, पोरांनी शर्यतच लावली. वांग्याखालच्या अळ्या मात्र जागेवरच कुशीवर पडून राहिल्या. मामंजी म्हणाले, "निम्म्या वाफ्यांचं बघू, पण दिवाळीपर्यंतच." पावडर आणायला शनिवारी तालुक्याला जातेय. घेताना काय बघायचं?

खोडवा: पाकिटावरची मुदत आधी. उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेलं पाकीट घेऊ नका, बुरशी मेलेली असते. आणि टाकायची ती संध्याकाळी, पाणी दिल्यावर.