गाठ, सुई आणि रिपोर्टची वाट : खान्देशातल्या बायकांचे अनुभव

आपल्याकडे कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला की केमोत केस कधी गेले, खर्च किती आला, वावर विकलं की राहिलं, सगळं गावाला माहीत असतं. त्याच्या आधी सुईने तुकडा काढतात तेव्हा नेमकं काय होतं, हे मात्र कुणी बोलत नाही. मला बायोप्सी सांगितली तेव्हा जळगावात माझ्या ओळखीतल्याच काही जणी निघाल्या ज्यांची ती होऊन गेली होती. एकीनेही तोवर तोंड उघडलं नव्हतं. म्हणून हा धागा. फक्त तपासणीबद्दल लिहा : का सांगितली, टेबलावर काय झालं, रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले. डॉक्टरांची, हॉस्पिटलांची नावं नकोत. काढे आणि लेपही नकोत, त्यासाठी व्हॉट्सॲप मोकळं आहे.

सुरुवात मी करते. वय ४६. सोनोग्राफीच्या कागदावर ‘बायरॅड्स ४ए’ लिहिलेलं होतं. घरात सगळ्यांनी चार म्हणजे चौथी स्टेज असं धरलं आणि नणंद रडायलाच लागली. तो आकडा स्टेजचा नसतो, संशय किती आहे त्याचा असतो. ४ए म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात २ ते १०, ४बी म्हणजे १० ते ५०, ४सी म्हणजे ५० ते ९५. रेडिओलॉजिस्ट बाईंनी हे दोन मिनिटांत समजावलं. हीच दोन मिनिटं कागद हातात देताना कुणी दिली असती तर एक रात्र झोप लागली असती. माझी फायब्रोॲडिनोमाची गाठ निघाली, साधी. काढलीही नाही, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघायला सांगितलं आहे.

आता तुम्ही लिहा.

भुसावळ, वय ३९

माझं दोनदा झालं. आधी एफएनएसी. अगदी बारीक सुई, भूल दिली नाही, गाठीत घालून थोडी पुढेमागे केली, लगेच मोकळं. रिपोर्ट आला की पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, कोअर बायोप्सी करा. सासूबाई म्हणाल्या, पैसे काढायचे धंदे आहेत. तसं नसतं हे मला नंतर कळलं. बारीक सुईत सुट्या पेशी येतात, त्यावरून कधी ठरतं, कधी ठरत नाही. कोअरमध्ये गाठीचा तुकडाच हाती येतो. गाठ कसली, कॅन्सर असेल तर कोणत्या प्रकारचा, त्याला कोणतं औषध लागू पडेल, एवढं सगळं त्या तुकड्यावरून बघता येतं. म्हणून आता बरेच डॉक्टर थेट कोअरच सांगतात.

उताणं झोपवलं, त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायला लावला, पाठीखाली उशी सरकवली. भुलीचं इंजेक्शन चांगलंच झोंबलं. जे काही दुखलं ते तेवढंच. मग ब्लेडने अगदी छोटी चीर, टाका पडत नाही. सुई एका पिस्तुलासारख्या यंत्राला लावलेली असते आणि ती सुटते तेव्हा ‘खट्ट’ असा मोठा आवाज होतो. माझ्या डॉक्टरांनी आधी ती हवेतच सोडून आवाज ऐकवला. म्हणाल्या, ‘हाच आवाज येणार, दचकून हलू नका.’ हे फार बरं केलं, कारण खऱ्या वेळी मी हललेच असते. असे चार-पाच तुकडे घेतले. मी मुद्दाम मान वळवून बघितलं : शेवईच्या तुकड्याएवढं पांढरट काहीतरी, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकलं. त्यानंतर सिस्टरने दहा मिनिटं तळहाताने दाबून धरलं. गप्पा मारत होती, पण हात ढिला सोडला नाही. त्या दाबण्यामुळेच आतलं रक्त थांबतं.

एक सांगते, हसू नका. बाहेर ‘पाटील’ म्हणून हाक मारली तर अर्धा हॉल उठला. बाटलीवर स्वतःचं पूर्ण नाव, वय आणि कुठली बाजू हे लिहिलेलं आहे का ते डोळ्यांनी बघून घ्या. खान्देशात हे जास्तच लागू आहे.

चोपडा तालुका, आईबद्दल लिहिते आहे (आई ६३)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही बहिणी माहेरी गेलो तेव्हा आईने सांगितलं. तेही सरळ नाही. धाकटी तिला नहाणीत पाठ घासून देत होती तेव्हा आई म्हणाली, ‘आठे काहीतरी कडक लागस.’ कापूस वेचायच्या वेळेपासूनच हाताला लागत होतं म्हणे. दुखत नव्हतं म्हणून बोलली नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असा हिशेब. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

बायोप्सीचं नाव काढल्यावर मात्र आई हटून बसली. ‘सुई लावी का पसरी जास. माले नही जानं.’ गावात एका बाईचं तसं झालं होतं म्हणे : तपासायला नेलं, सुई टोचली आणि वर्षात गेली. माझे काका शिकलेले, निवृत्त शिक्षक, तेही हेच बोलले. मी डॉक्टरांसमोर सगळ्यांना बसवलं आणि विचारायला लावलं. डॉक्टर चिडले नाहीत हे आमचं नशीब. ते म्हणाले, सुईने आजार पसरत नाही. ती बाई आली तेव्हाच आजार पुढे गेलेला असणार, सुईने तो फक्त उघड केला. आणि कॅन्सरचाच नेमका प्रकार कळल्याशिवाय मी औषध कशावर देऊ? काका गप्प झाले. आईला पटलं की नाही माहीत नाही, पण काका गप्प झाले म्हणून ती उठली.

आत मला तिच्याजवळ उभं राहू दिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. खट्ट झाल्यावर विचारते, ‘हाऊ कसाना आवाज शे?’ आणि शेवटी उठून बसताना, ‘व्हयनं? इतलंच?’ तिला कापूस, भांडी, पट्टी असं मोठं काहीतरी अपेक्षित होतं.

रिपोर्ट कॅन्सरचा आला. त्यानंतर त्याच तुकड्यावर आणखी एक तपासणी करतात, आयएचसी, त्याला वेगळे दिवस लागतात. ईआर, पीआर, हर-टू असे तीन शब्द असतात, कॅन्सरच्या पेशींवर शोधायच्या प्रथिनांची ती नावं. आईचे पहिले दोन पॉझिटिव्ह, तिसरा निगेटिव्ह. पॉझिटिव्ह वाचून भाऊ घाबरला, पण ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात, ही चांगली बाजू. ऑपरेशन आणि केमो महात्मा फुले योजनेतून झालं. तिथेही मंजुरीसाठी बायोप्सीचा रिपोर्ट लागलाच. आता रोज एक गोळी आहे, पाच वर्षं सांगितली आहे. या आखाजीला तिनेच खापरावर मांडे टाकले. आम्ही नको म्हणत होतो, कारण काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला भाजायला नको.

धुळे, वय ५१

मला काहीच दुखलं नाही. ब्लाऊज काढून पंख्याखाली वाट बघत बसले, तीच खरी शिक्षा. रिपोर्ट साधा.

तळोदा, वय २९

मुलगा दीड वर्षाचा. अंगावरचं दूध तुटल्यावर एका बाजूला कडक गोळा झाला, नंतर लाल होऊन पू आला. सगळ्यांचं एकच : दुधाची गाठ आहे, शेक दे. अँटिबायोटिकचे कोर्स झाले, चीर देऊन पू काढला, पुन्हा भरला. आमच्याकडून नंदुरबारहून सुरतेची गाडी सोयीची, सुरतला मावशी राहते, म्हणून तिकडे गेलो. तिथे डॉक्टर म्हणाले की पू वारंवार येतोय तर त्या पूच्या पोकळीच्या भिंतीचा तुकडा काढून बघू.

सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही. मला दुखलं, खोटं कशाला सांगू. त्यांनी थांबून पुन्हा भूल दिली. ‘थांबा’ म्हटलं तर थांबतात, हे मला माहीत नव्हतं.

निघाला टीबी. स्तनालाही टीबी होतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. तुकड्यात ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचा बारीक पुंजका) दिसला, आणि टीबीचे जंतू शोधायची वेगळी तपासणी केली त्यात नक्की झालं. ते वेगळं तपासणं महत्त्वाचं, कारण टीबी नसतानाही असा ग्रॅन्युलोमा होतो आणि त्याचं औषध निराळं असतं. गावी परत येऊन सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू केल्या, फुकट मिळतात. सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला. जखम भरली. सासरी मात्र अजून ‘दुधाची गाठ’च सांगतात. टीबी म्हटलं की पुतणीचं लग्न जमणार नाही म्हणे.

जळगाव, स्टाफ नर्स

मी या खोलीत दुसऱ्या बाजूला उभी असते. थोडं कामाचं.

पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा कुर्ता घाला, साडी असेल तर फारच सोपं. उपाशी यायची गरज बहुतेक वेळा नसते, उलट उपाशी बायकांनाच चक्कर येते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल (हृदयाच्या किंवा लकव्याच्या पेशंटला असते) तर आधीच सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. घरी गेल्यावर कापडात गुंडाळून बर्फ, दोन दिवस हंडा-बादली उचलायची नाही. काळं-निळं होतं, मग हिरवट पिवळं होऊन जातं. गोळा वाढत गेला, रक्त थांबेना किंवा ताप आला तर लगेच परत या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मुंबईला टाटाला किंवा कुठेही दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून न्या. पेशंट इथून नुसता रिपोर्टचा कागद घेऊन रात्रीच्या गाडीने जातात आणि तिकडून ब्लॉकसाठी माणूस परत पाठवावा लागतो. किती जणांचं असं झालेलं मी बघितलं आहे.

अमळनेर, वय ५७, शिक्षिका

माझ्या हाताला गाठ लागतच नव्हती. मैत्रिणीबरोबर मॅमोग्राफी केली आणि त्यात चुन्याचे बारीक कण एका ठिकाणी गोळा झालेले दिसले. ते सोनोग्राफीत दिसेनात, त्यामुळे मॅमोग्राफीच्या मशीनवरच सुई लावावी लागते, त्याला स्टिरिओटॅक्टिक म्हणतात. ती सोय जवळ मिळाली नाही, पुण्याला गेले.

इथे दुखण्यापेक्षा न हलण्याचा त्रास. दोन पट्ट्यांत स्तन दाबून धरलेला, तसंच बसून राहायचं, फोटो, मोजमाप, पुन्हा फोटो. मान अवघडली. सुई व्हॅक्यूमची होती, घर्र आवाज येतो. तुकडे काढल्यावर त्यांचाच एक्स-रे काढला, कण त्यात आलेत का बघायला. शेवटी त्या जागी बारीकशी धातूची क्लिप सोडली, म्हणजे पुढे ऑपरेशन लागलं तर जागा सापडावी. ती आत कळतही नाही.

डीसीआयएस निघालं : दुधाच्या नळीच्या आतच असलेला, बाहेर न पडलेला कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमो लागलं नाही. शाळेत मी सगळ्या बायकांना सांगितलं. मुख्याध्यापकांना नव्हतं सांगायचं, पण रजेच्या अर्जाने ते काम केलंच.

नाव-गाव नको

माझं कडू आहे. डॉक्टर पुरुष, त्याबद्दल तक्रार नाही. पण खोलीत बाई कुणीच नव्हती, वॉर्डबॉय दोनदा आत येऊन गेला, अंगावर चादर नव्हती. मी काही बोलले नाही. घरी येऊन रडले, त्याचं कारण नवऱ्याला गाठच वाटलं. नंतर कळलं की राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेलं आहे : पुरुष डॉक्टर तपासत असेल तर तिथे दुसरी बाई असण्याचा हक्क रुग्ण बाईला आहे. दुसऱ्या खेपेला मी दारातच सांगितलं की सिस्टर आल्याशिवाय मी झोपणार नाही. आली सिस्टर. बाजूच्या खोलीतच होती.

धरणगाव, वय ४२

माझी उद्या आहे. नवऱ्याला सुट्टी नाही. एकटीने स्कूटीवर जाऊन परत येता येईल का?

जळगाव, स्टाफ नर्स

जाताना चालेल, येताना नको. भूल फक्त तेवढ्याच जागेची असते, गुंगी येत नाही, पण तो हात ताणला की दुखतं आणि आपल्याकडचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत. बसने या, सोबत कुणीतरी असू द्या, शेजारीण चालेल. सोनोग्राफीचा जुना कागद आणि आधार कार्ड घ्या, आतून घट्ट बसणारी ब्रा घाला, पट्टी जागेवर राहते. आणि निघताना रिपोर्ट कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुणाच्या हातात मिळणार ते लिहून घ्या.