७५ टक्के हजेरीवरून विद्यार्थ्यांचा सहभाग कळतो का?

वाचनकक्ष (धागाकर्ता)

आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांत सत्रान्त परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट आहे. सत्राच्या सुरुवातीला तिची कोणाला फारशी आठवण नसते. परीक्षा अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले की मात्र फलकावर हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर यादी लागते, पालकांना बोलावणे जाते, वैद्यकीय दाखल्यांची चवड जमते, हमीपत्रे लिहून घेतली जातात आणि अखेरीस जवळजवळ सर्वांनाच परीक्षेला बसू दिले जाते. एवढ्या खटाटोपातून महाविद्यालयाला विद्यार्थ्यांविषयी नेमके काय कळते, असा माझा प्रश्न आहे. वर्गात बसलेला मुलगा काही वाचून आला होता का, त्याने शंका विचारली का, तास संपल्यावर त्या विषयावर तो कोणाशी बोलला का, यांपैकी कशाचाही मागमूस हजेरीपटात नसतो.

दुसरे साधन नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करून त्यांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे. २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश झाला. त्यात २० पर्यायी प्रश्न असतात आणि एकविसावा प्रश्न सूचनांसाठी मोकळा असतो. अभ्यासक्रम किती शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य असते का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न गैर मुळीच नाहीत. पण त्यांचा रोख जवळजवळ सर्वत्र शिक्षक आणि संस्था यांच्याकडे आहे. विद्यार्थ्याने स्वतः काय केले, हे कोणी विचारत नाही.

ते विचारता येते. शिक्षणात विद्यार्थी स्वतःची किती शारीरिक आणि मानसिक शक्ती घालतो त्यावर त्याचे शिकणे अवलंबून असते, अशी मांडणी अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी १९८४ साली केली. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून २००० सालापासून चालणारे विद्यार्थी सहभागाचे राष्ट्रीय सर्वेक्षण याच विचारपरंपरेतले आहे. वर्गात किती वेळा प्रश्न विचारलेत, तयारी न करता किती वेळा आलात, आठवड्यातले किती तास अभ्यासाला, किती पगारी कामाला, किती प्रवासाला आणि किती घरातील माणसांच्या देखभालीला गेले, असे प्रश्न तेथील पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले जातात.

माझा प्रस्ताव लहानसा आहे. सत्राच्या सहाव्या किंवा सातव्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाला याच धर्तीचे दहाबारा प्रश्न कागदावर, नाव न लिहिता विचारावेत, उत्तरे स्वतः वाचावीत आणि पुढच्या तासाला आपण काय बदलणार ते वर्गाला सांगावे. हे कागद प्राचार्यांकडे, विद्यापीठाकडे किंवा नॅककडे जाऊ नयेत, कारण वर पाठवायचा म्हटल्यावर आकडा सजवला जातो. हजेरीची अट यथावकाश सैल करावी, असेही माझे मत आहे. मतभेद असल्यास जरूर मांडावेत.

निकषवही

मी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे काम पाहतो, त्यामुळे माझी बाजू कोणती हे आधीच सांगितलेले बरे. आपल्या प्रस्तावाच्या दोन्ही भागांशी मी असहमत आहे.

हजेरीचा नियम दुबळा आहे हे मान्य; तो काढला तर काय उरते, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. कला शाखेच्या पदवीला प्रवेश घेऊन प्रत्यक्षात पुण्यातील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी काही थोडेथोडके नाहीत. अकरावी-बारावीला खासगी क्लासशी संधान बांधलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे वर्ग कसे ओस पडले तेही आपण पाहिले आहे. नियमाने निदान एवढे होते की महाविद्यालय ही जागा रिकामी पडत नाही. घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचलेले असेल, तर अशा मुलीला 'कॉलेजला जावेच लागते, हजेरी लागते' हे घरी सांगता येणे हाच कधीकधी मोठा आधार असतो. हा आधार आपण कशाच्या भरवशावर काढून घेणार आहात?

दुसरा भाग गुप्ततेचा. ज्या गोष्टीची नोंद नाही ती संस्थेच्या लेखी झालेलीच नसते. शिक्षकाने कागद वाचून कपाटात ठेवले तर पुढच्या वर्षी त्याच्या जागी आलेल्या शिक्षकाला काय मिळणार? अभिप्राय घेतला, त्याचे विश्लेषण केले आणि त्यावर कार्यवाही केली, याचा अहवाल आम्हाला द्यावाच लागतो, आणि ते योग्यही आहे. जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेणींऐवजी 'मान्यताप्राप्त' किंवा 'मान्यता नाही' अशी पद्धत आणण्याचे जाहीर केले. तिच्यात तर कागदपत्रांना अधिकच महत्त्व येणार. नोंद न ठेवण्याचा सल्ला देणाऱ्यांना हा भार उचलावा लागत नाही.

तासिकातत्त्व

वरील दोघांचेही बोलणे पूर्णवेळ नेमणूक असलेल्या माणसाचे आहे. मी सीएचबीवर शिकवतो, म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, न घेतलेल्या तासाचे मिळत नाहीत. सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात, असा माझा दिवस जातो. प्रथम वर्षाच्या तुकडीत १२० नावे असतात. कागद वाटणे, गोळा करणे, वाचणे आणि त्यावर विचार करणे, यासाठी लागणारे तास कोणत्या बिलात लावायचे ते धागाकर्त्यांनी सांगावे.

मेंटॉर-मेंटी योजनेचा अनुभव ताजा आहे. मूळ कल्पना उत्तमच होती: वीसपंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, त्याने मुलांच्या अडचणी समजून घ्याव्यात. आज तिची वही होते, वहीत सह्या होतात आणि पीअर टीम (नॅकची पाहणी समिती) येण्यापूर्वीच्या आठवड्यात मागच्या तारखांच्या भेटीही होतात. आपल्या दहाबारा प्रश्नांचेही दोन वर्षांत तसेच होईल, मग ते वर पाठवा किंवा न पाठवा. वर्षानुवर्षे प्राध्यापकांच्या जागा रिक्त ठेवायच्या आणि विद्यार्थी का गुंतत नाहीत याचे मापन करायचे, हा क्रमच मला उलटा वाटतो. ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याशी विद्यार्थ्याने नाते जोडावे तरी कसे? आधी जागा भराव्यात, मग काय मोजायचे ते मोजावे.

मध्यममान

मी संख्याशास्त्र शिकवतो. या चर्चेत तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होत आहे: विद्यार्थी समाधानी आहे का, तो काही करतो आहे का, आणि तो शिकतो आहे का.

पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टींत किती अंतर पडू शकते याचे एक चांगले उदाहरण २०१९ साली समोर आले. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या पायाभूत वर्गांत लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी सफाईदार व्याख्यान ऐकणारे आणि स्वतः गटात बसून प्रश्न सोडवणारे, असे दोन प्रकारचे वर्ग तपासले. चाचणीत दुसऱ्या प्रकारच्या वर्गातील विद्यार्थ्यांना अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे वाटलेलेही तेच होते. ज्याला स्वतः झगडावे लागते त्याला आपल्याला काय येत नाही ते दिसत राहते, हे त्याचे कारण असावे. म्हणजे एखाद्या प्राध्यापकाने उद्यापासून मुलांना वर्गातच गणिते सोडवायला बसवले, तर समाधान सर्वेक्षणात त्याचे गुण घसरू शकतात. नॅकच्या त्या २० प्रश्नांवर कोणाची बढती अवलंबून ठेवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

दुसरा इशारा धागाकर्त्यांसाठी नाही, त्यांच्या मागून येणाऱ्या ॲप विक्रेत्यांबद्दल आहे. पर्ड्यू विद्यापीठात 'कोर्स सिग्नल्स' नावाची प्रणाली होती. विद्यार्थ्याच्या ऑनलाइन हालचालींवरून ती लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा दाखवत असे. ज्यांनी ही प्रणाली वापरणारे दोन किंवा अधिक विषय घेतले ते विद्यापीठात अधिक टिकले, असा दावा केला गेला आणि त्याची बरीच वाहवा झाली. २०१३ मध्ये टीकाकारांनी साधी गोष्ट दाखवून दिली: जो विद्यार्थी अधिक काळ टिकतो, त्याच्या वाट्याला असे विषयही अधिक येतात. टिकणे हे कारण होते, ते परिणाम म्हणून विकले जात होते. आपल्याकडे मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवरील लॉगिन मोजून 'सहभाग निर्देशांक' काढणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली पुरेशी तयारी न करता उत्तरपत्रिकांचे ऑनस्क्रीन मूल्यांकन आणले आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, ते विसरण्याइतके जुने झालेले नाही.

तरीही मोजूच नये, या तासिकातत्त्व यांच्या मताशी मी सहमत नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात ग्रंथालयाचा वापर, कार्ड दाखवून इमारतीत केलेला प्रवेश, ऑनलाइन काम आणि स्वाध्याय सादर करणे, अशा नोंदी एकत्र केल्या जातात. विद्यार्थी १४ दिवस कोठेच दिसला नाही की त्याच्या मार्गदर्शक शिक्षकाला सूचना जाते. विद्यार्थ्याची सामाजिक पार्श्वभूमी या हिशेबात मुद्दाम धरलेली नाही, आणि स्वतःची नोंद विद्यार्थ्यालाही दिसते. शिक्षा कोणतीच नाही. त्यातून शिक्षकाने करायचे ते एवढेच, की विद्यार्थ्याला 'काय रे, कुठे आहेस?' असे विचारायचे. आपली डिफॉल्टर यादी सत्र संपताना लागते, ही सूचना सत्र चालू असताना येते. मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आणि सुधारणा कशाने होते, याचा पुरावा मोजमापापेक्षा कितीतरी भक्कम आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. सर्वेक्षणाचा अर्ज तयार करण्यात जेवढी बुद्धी खर्च होते, तिच्यातली निम्मी जरी एका तासाची रचना बदलण्यात गेली तरी पुष्कळ साधेल.

तासिकातत्त्व

@मध्यममान, नॉटिंगहॅममध्ये सूचना ज्याच्याकडे जाते तो शिक्षक नोकरीत असतो. माझा मुद्दा तेवढाच आहे.

एसटीपास

मी द्वितीय वर्ष कला शाखेत आहे. येथे चर्चा आमच्याविषयी चालली आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

माझ्या गावाहून सकाळची एसटी पहिला तास सुरू झाल्यावर पोहोचते. संध्याकाळी मी एका मेडिकल दुकानात काम करतो. हजेरीपटानुसार मी पहिल्या तासाच्या विषयात डिफॉल्टर आहे, पण ग्रंथालयात दुपारी दोन ते चार या वेळेत मला कोणीही येऊन पाहावे. वाचनकक्ष यांनी सांगितलेल्या अमेरिकेतील अर्जात प्रवासाचे आणि पगारी कामाचे तास विचारतात हे वाचून मला आश्चर्य वाटले, कारण आजवर आमच्या महाविद्यालयाने कोणत्याही अर्जात ते विचारलेले नाहीत. विचारले असते तर निदान पहिला तास अर्ध्या तासाने पुढे सरकवावा, असे कोणाच्या तरी लक्षात आले असते.

वर्गाबाहेर आम्ही जे करतो ते तर कोणत्याच मापात बसत नाही. एनएसएसचे १२० तास आणि सात दिवसांचे शिबिर यांची नोंद होते, कारण त्यांचे प्रमाणपत्र असते. पुण्यातील महाविद्यालयांची मुले पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेसाठी रात्र रात्र तालमी करतात, लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य सगळे स्वतः करतात. हे त्यांच्या हजेरीत खड्डा म्हणून दिसते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' योजना राबवली तेव्हा श्रम करणाऱ्या मुलाला त्यांनी शिक्षणापासून दूर गेलेला मानले नव्हते. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण) यांना श्रेयांक मिळू लागले, ही गोष्ट चांगलीच आहे. पण श्रेयांक मिळतात म्हटल्यावर झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्पही मिळू लागले, हे येथील प्राध्यापकांना ठाऊक असेलच.

निकषवही सरांना नम्रपणे सांगावेसे वाटते की मुलींना घरी सांगायला हजेरी उपयोगी पडते, हे खरे आहे. माझ्या बहिणीचे तसेच झाले. मात्र त्याच नियमाची दुसरी बाजूही आहे. दिल्लीतील विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने हजेरीअभावी परीक्षेला बसू न दिल्यानंतर २०१६ साली आत्महत्या केली. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्णय दिला, की केवळ हजेरी कमी आहे म्हणून विधीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखता येणार नाही. तो निर्णय विधी शाखेपुरता असला तरी कारणे सगळ्यांना लागू पडण्यासारखी आहेत.

माझा खरा आक्षेप मात्र धागाकर्त्यांवर आहे. आम्ही उत्तरे लिहायची, ती फक्त सरांनी वाचायची आणि काय बदलायचे तेही सरांनीच ठरवायचे, तर त्यात आमचा सहभाग कोठे आला? वर्गाची एकत्रित उत्तरे फलकावर लावावीत. डिफॉल्टर यादी फलकावर लागू शकते, तर हेही लागू शकते.

निकषवही

एसटीपास यांच्या शेवटच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, आणि त्यामुळे धागाकर्त्यांच्या गुप्ततेचा पायाच निघून जातो, हेही नोंदवतो. पहिला तास पुढे सरकवण्याचा निर्णय एकटा शिक्षक घेऊ शकत नाही. वेळापत्रक समितीसमोर आकडा ठेवावा लागतो. तो आकडा कपाटात असून चालणार नाही.

वाचनकक्ष (धागाकर्ता)

वेळापत्रकाचा मुद्दा मान्य. प्रवास, काम आणि घरची जबाबदारी यांच्या तासांविषयीची एकत्रित उत्तरे महाविद्यालयाकडे जावीत, फलकावरही लागावीत. त्यांत कोणाच्या शिकवण्याचा निवाडा होत नाही. वर्गात काय घडते याविषयीची उत्तरे मात्र शिक्षक आणि त्याचा वर्ग यांच्यातच राहावीत, यावर मी ठाम आहे. त्यांचा आकडा एकदा मूल्यमापनात शिरला, की पुढच्या सत्रात प्रश्नावली वाटताना 'चांगले लिहा हं' असे सांगणारे सहकारी निघतील. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला या कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे, अन्यथा त्याला यातून वगळावे.

एसटीपास

शिक्षक आणि वर्ग यांच्यात राहावे म्हणता, तर वर्गाच्या बाजूने बोलणार कोण? २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तरतूद आहे. २०१९ मध्ये त्या जाहीर होऊन लांबणीवर पडल्या. निवडून आलेला वर्ग प्रतिनिधी असता तर हे कागद शिक्षकांसोबत बसून त्यानेही वाचले असते. तो नसताना आपण आम्हाला फक्त शिक्षकाच्या सद्‌भावनेवर विसंबायला सांगत आहात, आणि ती सर्वांकडे सारखी नसते, हे आम्ही दर तासाला पाहतो.