सांदण दरी: साम्रदहून एका दिवसात जाऊन परत

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावात तंबू ठोकून दुपारच्या जेवणानंतर सांदण ही अरुंद दरी उरकता येईल का, असं एकाने विचारलंय. दुपारी निघू नका. सकाळी सातला निघा, म्हणजे दरीत वेळेची घाई होत नाही. दोन कड्यांमधली वाट शिळांनी भरलेली आहे. तिथे अंतरापेक्षा पाय कुठे ठेवायचा यातच वेळ जातो.

वाटेत पाण्याचे दोन टप्पे लागतात. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत दुसऱ्यात कमरेच्या वर पाणी असू शकतं, उन्हाळ्याकडे ते आटत जातं. पाण्यात बूट काढू नका. तळाचे दगड दिसत नाहीत, अनवाणी पाय कापतो नाहीतर घसरतो. त्यापेक्षा कोरडे मोजे आणि मोबाइल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून सॅकच्या वरच्या भागात ठेवा. प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या. साठलेलं पाणी प्यायचं नाही.

दोर लावून उतरायचा कडा आला की मागे वळायचं. दोर आणि जाणकार सोबत नसताना ‘थोडं खाली बघून येतो’ हे अजिबात नको, कारण उतरलेला टप्पा दोराशिवाय चढता येत नाही.

पावसाळ्यात दरी पूर्ण वर्ज्य. अवकाळीचे ढग दिसले तरी आत शिरू नका, सगळं पाणी याच घळीतून वाहतं आणि बाजूला चढायला जागाच नाही. कड्याच्या पायथ्याशी जेवायला बसू नका, वरून दगड सुटतात. मुक्काम गावातच करा. आणि आग्यामोहोळं असतील तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काहीही नको.