मदत हवी आहे: स्पितीतील भरल आणि पाळीव जनावरांच्या आहाराची तुलना

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत, किब्बर परिसरात भरल (हिमालयातली रानटी ‘निळी मेंढी’) आणि गावची जनावरे (याक, गाढवे, शेळ्या-मेंढ्या) एकाच कुरणावर चरतात. लेंड्या-शेणातले वनस्पतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून दोघांचा आहार ताडून पाहायचा आहे. नमुने कसे घ्यावेत? त्याऐवजी कार्बन-१३ची (कार्बनच्या या जड प्रकाराचे प्रमाण मोजून आहार ओळखण्याची) चाचणी चालेल का? आणि आहार सारखा निघाला, तर स्पर्धा आहे असे म्हणता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

कार्बन-१३चा इथे फारसा उपयोग नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीनुसार वनस्पतींचे सी-३ आणि सी-४ असे गट पडतात आणि ही चाचणी त्या दोन गटांतला फरक दाखवते. त्या उंचीवर गवत आणि झुडपे दोन्ही बहुतांशी सी-३ गटातली, त्यामुळे आकडे एकमेकांत मिसळतात. दख्खनच्या माळावरचे गवत मुख्यतः सी-४, तिथे चिंकारा आणि शेळ्यांसाठी ही चाचणी जरूर करा.

भरल आणि शेळी-मेंढीच्या लेंड्या नुसत्या बघून वेगळ्या करता येत नाहीत. कळप डोळ्यांदेखत चरून पुढे सरकला की लगेच ओलसर लेंड्या उचला. एका ढिगातून ४-५, अशा २० ढिगांचा एक नमुना करा. ऋतू वेगवेगळे ठेवा. कागदी पाकिटातच भरा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

६० अंशांवर वाळवून दळा, १ मिमी चाळणीतून काढा. तुकडे ताडून पाहण्यासाठी कुरणातून आणलेली, ओळख पटलेल्या वनस्पतींची पाने, देठ, फुलेही त्याच चाळणीची हवीत, नाहीतर तुकड्यांचा आकार जुळत नाही. मग सौम्य ब्लीचमध्ये रंग जाईपर्यंतच ठेवा. जास्त वेळ राहिले तर कोवळ्या रुंद पानांची पातळ त्वचा विरघळते आणि गवताचा वाटा उगाच फुगतो. धुऊन ग्लिसरीनमध्ये ५ स्लाइड, प्रत्येकी २० दृष्टिक्षेत्रांतले (सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या भागांतले) तुकडे मोजा.

गवताच्या लांबट पेशी ओळीत असतात आणि रक्षक पेशी (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांभोवतीच्या) डंबेलसारख्या. झुडपांपैकी आर्टेमिसियाचे केस इंग्रजी टी अक्षरासारखे, तर क्राशेनिनिकोव्हियाचे चांदणीसारखे. एवढे नजरेत बसले की काम वेगाने होते.

प्रतिसाद २

स्पर्धेबद्दल. शोएनरचा निर्देशांक (दोन आहारांतले साम्य ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) काढा: प्रत्येक वनस्पतिगटाच्या वाट्यांतला फरक घ्या, त्यांची बेरीज निम्मी करा, १ मधून वजा करा. समजा भरलाच्या आहारात गवत ९०, झुडपे १० टक्के आणि याकाच्या ८५ व १५, तर साम्य ०.९५. पण चारा मुबलक असेल तर एवढे साम्य असूनही कोणी उपाशी राहत नाही.

उलट, जनावरांनी गवत संपवले आणि भरल ४० टक्के गवत, ६० टक्के झुडपांवर आले, तर याकाच्या त्याच आहाराशी साम्य ०.५५ दिसेल. आकडा घसरला, स्पर्धा मात्र वाढली! स्पितीत नेमके हेच आढळले आहे: गवत कमी असलेल्या कुरणांवर भरल हिवाळ्यात झुडपांकडे वळते आणि तिथे माद्यांमागे पिल्लांचे प्रमाण कमी दिसते. म्हणून आहारासोबत प्रत्येक कुरणातले उभे गवत चौकटी टाकून, कापून, वाळवून तोला आणि माद्या-पिल्ले मोजा. जास्त चराईची आणि कमी चराईची अशी दोन्ही प्रकारची कुरणे घ्या, एकाच कुरणावरून काही कळणार नाही.

हिवाळ्यातल्या शेणाबाबत सावध राहा. तेव्हा जनावरांना गोठ्यात साठवलेला चारा मिळतो, तो कुरणातला आहार म्हणून मोजू नका. घरोघरी काय घालतात ते विचारून त्याच्याही संदर्भ स्लाइड करून ठेवा.