किचनमधे भारीतलं घड्याळ घालून काम करता का कोण?

तवा_गरम_आहे:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच एका हॉटेलचं किचन सांभाळतो, नाव नको. त्याआधी क्रूझवर होतो आणि शेवटचं कॉन्ट्रॅक्ट संपताना स्वतःसाठी म्हणून एक ओमेगा सीमास्टर घेतलं, डायव्हर ३०० एम, निळी डायल, २०१८ नंतरचं मॉडेल. आयुष्यात एका वस्तूवर एवढे पैसे कधी घातले नव्हते, बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. आता अडचण अशी की मी दिवसाचे बारा तास किचनमधे, सुट्टी फक्त सोमवारी, मग घालायचं कधी? कपाटात ठेवायला तर घेतलं नाही ना. म्हणून गेले दोन महिने घालूनच काम करतोय. ३०० मीटर पाण्यात चालतंय म्हणजे पांढऱ्या रश्श्याच्या वाफेनं त्याला काय होणार, असं माझं गणित. पण परवा मालकांनी बघून तोंड वाकडं केलं आणि आमचे वस्ताद म्हणाले, "शेफ, उतरवा ते, नाहीतर एक दिवस पातेल्यात डाव घालून शोधत बसशीला." बुफेला दोन इंडक्शन पण आहेत, त्यानं घड्याळ बिघडतं म्हणतात. खरं काय? टीव्हीवर गॉर्डन रामसे घालतोच की.

पेठेतला_गडी:
भावा घड्याळ राहू दे, आधी वहिनींना आकडा सांग. इथं स्क्रीनशॉट काढणारे लई आहेत.

चावीवाला:
आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. इंडक्शनचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे, त्यात चुंबकत्व असतंय, पण तुझ्या घड्याळाला त्याची भीती नाही. तुझ्यात ८८०० नंबरचं मशीन आहे, केसासारखी बारीक स्प्रिंग सिलिकॉनची, १५,००० गाऊसपर्यंत (गाऊस म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) चालतं म्हणून कंपनी टेस्ट करूनच देते. जुन्या एचएमटीला किंवा साध्या ऑटोमॅटिकला मात्र होतंय, स्प्रिंगचे वेढे एकमेकाला चिकटतात आणि घड्याळ पुढं पळायला लागतं, गिऱ्हाईक म्हणतंय दिवसाला पाच मिनिटं पुढं जातंय, आम्ही डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व घालवायच्या यंत्रावर धरतो, काम झालं.

आता पाण्याचं. ३०० मीटर म्हणजे दाबाची टेस्ट, ती पण गार पाण्यात. वाफेची नव्हे. काचेच्या आत दव धरतंय का बघायची जी टेस्ट असते त्यात घड्याळ ४०-४५ डिग्रीपर्यंतच तापवतात आणि वर गार पाण्याचा थेंब ठेवतात. तू हंडीचं झाकण काढतोस तेव्हा काय असतंय? आणि खरी गंमत पुढं आहे, वाफेत घड्याळ तापतं, तसाच हात तू नळाखाली धरतोस, केस झटकन गार होते, आतली हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढायला बघते. ते अडवतंय कोण, तर रबराच्या दोन-चार बारीक रिंगा. रबर उष्णतेनं, साबणानं कडक होत जातं. आज उद्या काही होणार नाही, पण दोन-तीन वर्षांनी एक दिवस काचेला आतून धुकं दिसेल आणि मग सर्व्हिसचं बिल बघून घाम फुटेल. कुकरच्या रिंगेचं काय होतंय ते तुला मी सांगायला नको.

हां आणि ते बेझल, म्हणजे काचेभोवतीची खाचा असलेली फिरती कडी. तिच्यावरची रिंग सिरॅमिक आहे, ओरखडा उठत नाही पण ग्रॅनाईटच्या कट्ट्याच्या कोपऱ्यावर बसलं तर टवका उडतो. टवका बुजवता येत नाही, अख्खी रिंग बदलावी लागते.

अळणी_पाणी:
सगळे घड्याळाची काळजी करालाय, रश्श्याची कोणच करत नाही! मी केटरिंग करते, लग्नाच्या ऑर्डरी, आणि माझ्याकडं नियम आहे की हातात काही नको, घड्याळ नको, गंडा नको, बांगड्या मागं सारायच्या नव्हेत तर काढून ठेवायच्या. यावरून बायका माझ्यावर रुसल्यात पण मी हटत नाही. मटण कापलं की हात मनगटाच्या वरपर्यंत धुवायचा असतो, घड्याळ असलं की तो पट्ट्यापाशी थांबतो, आपल्याला कळत पण नाही. २०११ च्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षावाल्यांच्या नियमात शेड्यूल ४ मधे खोटी नखं आणि सैल दागिने नकोत असं आहे, आणि स्टीलचा पट्टा तुमचा मनगटावर फिरतच असणार. अमेरिकेतल्या फूड कोडमधे तर अन्न हाताळणाऱ्याच्या हातात साधी अंगठी सोडून काहीच चालत नाही, आजाराची माहिती लिहिलेलं कडं पण नाही. आणि रामसेचं सोडा हो, तो टीव्हीवर ओरडतो, कांदा-लसणाचं वाटण कोण करतंय बघा.

एक करा. आज रात्री घरी गेल्यावर पट्ट्याच्या कड्यांच्या मधे टूथपिक फिरवा आणि पांढऱ्या कागदावर झाडा.

शिरोली_फाटा:
मी फौंड्रीत आहे, किचनचं कळत नाही, पण आमच्यात भट्टीजवळ हातात धातूचं काही असलं तर सुपरवायझर आत सोडत नाही. कारण तापलेलं काही उडालं की ते पट्ट्याखाली अडकतं, झटकता येत नाही. तेलाचं पण तसंच असणार की.

तवा_गरम_आहे:
अळणी_पाणी ताई, केलं. सांगायला लाज वाटते. कागदावर काळपट तेलकट गोळी आली, कणकेची असावी, बटाट्याच्या डोळ्याएवढी, आणि वास घेतला तर चक्क लसूण. दोन महिन्यांत! आणि मी रोज पोरांना हात धुवा म्हणून ओरडतोय. बेझलच्या खाचांत हळद बसलीय ती वेगळीच. बायको शेजारीच होती, म्हणाली एवढं महागाचं आहे तर स्वच्छ तरी ठेवा. म्हणजे महागाचं आहे एवढं तिला कळलंय.

शिरोलीवाल्या भाऊ, बरोबर बोललात, मागच्या महिन्यात फोडणी उडाली तेव्हा पट्ट्याखालीच भाजलं होतं, मी घड्याळाला दोष दिला नव्हता.

आजपासून ऑफिसात ड्रॉवरमधे ठेवतोय. पण चावीवाले, आठवडाभर नाही घातलं तर बंद पडतं, त्यानं मशीन खराब होत नाही ना? आणि किचनमधे वेळ बघायचं म्हणाल तर वस्ताद म्हणतात भिंतीवरचं आहे की, तीस वर्षं त्यावरच चाललंय.

चावीवाला:
बंद पडू दे, ५५ तास चालतं, मग थांबतं. काही होत नाही, घालताना चावी देऊन वेळ लावायची. ड्रॉवर शेगडीच्या भिंतीला लागून नसला म्हणजे झालं. घरी कोमट पाणी, साधा साबण, मऊ टूथब्रश, पण क्राऊन, म्हणजे बाजूची चावी द्यायची गुंडी, घट्ट फिरवलाय का आधी बघ, दहा वाजण्याच्या जागचा तो दुसरा गोल पण हातानं चाळवू नको. पट्टा काढायला घरातला चाकू वापरू नको, शेफ लोकांना ती खोड असते. आणि एकदा आणून दे, दाबाची टेस्ट करून रबर बघतो. फक्त सोमवारी येऊ नको, दुकान बंद असतंय.

तवा_गरम_आहे:
माझी सुट्टीच सोमवारी हो!

पेठेतला_गडी:
वहिनींना पाठव की घेऊन. बिल पण त्याच बघतील.